सर्वोची खबर ऑफिसपर्यंत कशी न्यायची: मोशन कंट्रोल आणि ओपीसी यूए, अगदी सुरुवातीपासून

वाळूजला लागा, शेंद्र्याला लागा, चिकलठाण्याला नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीत लागा, पहिल्या वर्षातच कुणीतरी साहेब येऊन म्हणतोच की मशीन किती चाललं, कधी थांबलं आणि का थांबलं हे मला माझ्या टेबलावर दिसलं पाहिजे. आणि हे काम येतं कुणाच्या गळ्यात, तर मेंटेनन्सला नवीन लागलेल्या डिप्लोमावाल्या पोराच्या. त्याला लॅडर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पीएलसी या कंट्रोलरचा प्रोग्राम, येतं, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचे पॅरामीटर थोडेफार येतात, नेटवर्कचं मात्र केबल लावली की लाइट लुकलुकतो एवढंच ठाऊक. मी पण तिथूनच सुरुवात केली, म्हणून जे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं ते इथं लिहितोय. वरच्या नावातलं ओपीसी यूए म्हणजे मशीनची माहिती कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी ठरलेली पद्धत.

उदाहरण एकच धरतो म्हणजे गोंधळ होणार नाही. जालना म्हणजे बियाण्याचं आणि स्टीलचं गाव, तर बियाण्याचं पाऊच भरणारं मशीन घेऊ. तीन सर्वो, म्हणजे सांगितलेल्या जागी नेमक्या जाणाऱ्या मोटर, आहेत: एक फिल्म खाली ओढतो, एक आडवा सील मारणारा जॉ चालवतो, एक बियाणं मापून सोडणारा फिलर फिरवतो. मिनिटाला ४० पाऊच, म्हणजे एका पाऊचला दीड सेकंद. तुमच्याकडं पाऊच नसेल, प्रेसचा फीडर असेल नाहीतर कट टू लेंथ लाइन असेल, तरी बाकी सगळं जवळपास हेच.

सगळ्यात आधी डोक्यात दोन वेग वेगळे करा

मशीनच्या आत जो कंट्रोलर सर्वो चालवतो तो दर १ मिलिसेकंदाला, काही ठिकाणी २५० मायक्रोसेकंदाला, प्रत्येक ड्राइव्हला नवी पोझिशन देतो आणि आत्ता कुठं आहेस ते परत विचारतो. यासाठी इथरकॅट, सेरकॉस ३, प्रोफिनेट आयआरटी असल्या बस, म्हणजे कंट्रोलर आणि ड्राइव्ह जोडणारी नेटवर्क, असतात. त्यांचं खरं काम नुसतं जोरात पळणं नाही, वेळेवर पोचणं आहे. इथरकॅटमधे डिस्ट्रिब्युटेड क्लॉक लावलं की सगळ्या ड्राइव्हची घड्याळं एकमेकांशी एका मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली राहतात, म्हणून तर जॉ आणि फिल्म एकाच क्षणाला भेटतात.

साहेबाला जे पाहिजे त्याला मात्र सेकंद, दोन सेकंद उशीर झाला तरी काही बिघडत नाही. त्याला पाहिजे ती माहिती कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाचता आली पाहिजे, तिला नाव, युनिट, वेळ असली पाहिजे. ट्रॅक्टर शेत नांगरतो आणि पीकपाहणीची नोंद सातबाऱ्यावर होते, दोन्ही एकाच शेताचं पण नोंदीसाठी कुणी ट्रॅक्टर थांबवत नाही, तसंच हे आहे. त्यामुळे पहिला नियम: मोशनचा लूप मशीनमधेच बंद राहील, वरची सिस्टिम फक्त वाचेल. हा नियम मोडून केलेले प्रोजेक्ट मी बघितलेत, ऑफिसच्या पीसीवरून सेटपॉइंट पाठवतात आणि मग विंडोज अपडेट आलं की लाइन अडकते.

केबल घ्यायच्या आधी एक अख्खी शिफ्ट मशीनजवळ बसा

हे कुणी करत नाही आणि त्याचमुळे अर्ध्या डॅशबोर्डकडं महिन्याभरात कुणी बघत नाही. वही घ्या, ऑपरेटर मामाच्या शेजारी बसा, मशीन जेव्हा जेव्हा थांबेल तेव्हा वेळ आणि कारण त्यांच्याच शब्दांत लिहा. "रोल संपला", "माल आला नाही", "पुढं बेल्ट भरला", "सील फाटायलंय", "फोटोसेल मार्क पकडत नाही". हे शब्द पुढं तुमच्या टॅगची, म्हणजे वर पाठवायच्या प्रत्येक माहितीची, नावं होणार आहेत. पीएलसीच्या अलार्म लिस्टमधे "ॲक्सिस २ एरर ७०१५" असलं काहीतरी लिहिलेलं असतं, पण मामा ज्याला "फिल्म ताणली" म्हणतात ते तेच, आणि हे जोडून देणारं दुसरं कुणी कंपनीत नसतं, तुम्हीच असता.

आता मशीनची स्थिती ठरवा

पीएलसीओपन ही संस्था १९९२ पासून आहे आणि तिनं मोशनचे फंक्शन ब्लॉक, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, ठरवून दिलेत: एमसी पॉवर, एमसी होम, एमसी मूव्ह ॲब्सोल्यूट, एमसी गिअर इन, एमसी कॅम इन वगैरे. कंपनी कुठलीही असो, नावं बहुतेक हीच सापडतात. त्याच्यासोबत प्रत्येक ॲक्सिसला, म्हणजे एका सर्वोच्या हालचालीला, ठरलेल्या अवस्था आहेत: डिसेबल्ड, स्टँडस्टिल, होमिंग, डिस्क्रीट मोशन, कंटिन्युअस मोशन, सिंक्रोनाइझ्ड मोशन, स्टॉपिंग आणि एरर स्टॉप. नवीन माणसानं हे आठ शब्द पाठ करावेत, कारण ॲक्सिस एरर स्टॉपला गेला की रीसेट दिल्याशिवाय हलत नाही आणि पोरं तिथं अर्धा अर्धा तास मूव्हची कमांड देत बसतात.

पण ॲक्सिसची अवस्था साहेबाच्या कामाची नाही, त्याला मशीनची अवस्था पाहिजे. त्यासाठी पॅकएमएल, म्हणजे मशीनच्या अवस्थांची ठरलेली यादी, वापरा. पॅकिंग मशीनसाठी ओमॅक या गटानं ते बनवलं आणि आयएसए या ऑटोमेशनच्या संस्थेच्या टीआर ८८.००.०२ या रिपोर्टमधे ते लिहिलेलं आहे. त्यात १७ अवस्था आहेत, सगळ्या वापरायची गरज नाही. माझ्या मते सुरुवातीला स्टॉप्ड, आयडल (तयार उभं), एक्झिक्यूट (चालू), हेल्ड, सस्पेंडेड, अबॉर्टेड एवढ्या सहा पुरतात. यात हेल्ड आणि सस्पेंडेडचा फरक नीट समजून घ्या, सगळी गंमत तिथं आहे. मशीनच्या आतल्या कारणानं थांबलं, रोल संपला, फोटोसेल बिघडला, तर हेल्ड. मशीन ठणठणीत आहे पण मागून बियाणं येत नाही किंवा पुढचा कन्व्हेअर भरलाय, तर सस्पेंडेड. हा एक फरक नोंदवला की "तुमचं मशीन सारखं बंद असतं" हे भांडण मिटतं, कारण दिसतं की दिवसातला कितीतरी वेळ मशीन मालाची वाट बघत उभं होतं.

युनिट, नाव आणि टाइप

ड्राइव्ह पोझिशन मोजतो ती मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या एन्कोडरच्या काउंटमधे. सीआयए ४०२ प्रोफाइलचा, म्हणजे त्या ठरलेल्या नंबरांवर माहिती देणारा, ड्राइव्ह असेल तर ६०४१ हेक्सवर स्टेटस वर्ड, ६०६४ वर प्रत्यक्ष पोझिशन, ६०७७ वर टॉर्क (मोटरचा जोर), ६०७९ वर डीसी बसचं, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्याचं, व्होल्टेज, ६०एफ४ वर फॉलोइंग एरर आणि ६०३एफ वर एरर कोड मिळतो. हे नंबर चिटकवून ठेवा पॅनेलच्या दारावर, लई कामाला येतात. पण वर पाठवताना काउंट पाठवू नका, मिलिमीटर पाठवा. टॉर्क बहुतेक वेळा रेटेड टॉर्कच्या हजाराव्या भागात येतो, त्याचा टक्का करून पाठवा. आणि मोठी पोझिशन ३२ बिटच्या रिअल या टाइपमधे घालू नका, त्यात साधारण सातच अंक खरे राहतात, फिल्म दिवसभर पुढं जात राहिली की संध्याकाळपर्यंत आकडा मोठा होऊन मिलिमीटरच्या खालचे अंक उडून जातात. तिथं ६४ बिटचं एलरिअल वापरा.

आता या सगळ्यातला जड भाग: झटका पकडायचा कसा

फॉलोइंग एरर म्हणजे सर्वोला जिथं असायला सांगितलं आणि तो खरंच जिथं आहे त्यातलं अंतर. मशीनची तब्येत कळायला याच्यासारखा आकडा नाही. नवीन माणूस काय करतो, फॉलोइंग एररचा टॅग सरळ ओपीसी यूएवर टाकतो आणि दर सेकंदाला वाचतो. ग्राफ येतो, छान दिसतो, आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो. कारण फिल्म ओढायला समजा ४०० मिलिसेकंद लागतात आणि एरर उसळतो तो ॲक्सलरेशनच्या सुरुवातीच्या २०-३० मिलिसेकंदांत. तुम्ही सेकंदातून एकदा डोकावताय, कधी फिल्म उभी असताना, कधी मधेच. झटका तुम्हाला जवळपास कधीच दिसणार नाही. यावर बरेच जण वाचायचा वेग वाढवतात, १०० मिलिसेकंद, ५० मिलिसेकंद, मग पीएलसीचा कम्युनिकेशन लोड वाढतो, सायकल टाइम हलायला लागतो आणि झटका तरीही निसटतोच.

खरा उपाय असा की मोजायचं काम पीएलसीच्या मोशन टास्कमधेच करा. फिल्म ओढायला सुरुवात झाली की एक व्हेरिएबल शून्य करा, दर मिलिसेकंदाला फॉलोइंग एररचं अधिक-उणे चिन्ह काढून मोठ्यात मोठी किंमत त्यात धरून ठेवा, मूव्ह संपल्याचा डन बिट आला की थांबा. तसंच मोठ्यात मोठा टॉर्क, कमीत कमी डीसी बस व्होल्टेज, ओढायला लागलेला वेळ. आता एका पाऊचची एकच नोंद तयार झाली: पाऊच नंबर, वेळ, एरर, टॉर्क, व्होल्टेज, कालावधी. हजारो आकड्यांऐवजी पाच-सहा आकडे, पण प्रत्येकाला अर्थ आहे.

यात एक फसगत आहे. ओपीसी यूएचा सर्व्हर पीएलसीमधे वेगळ्या, कमी प्रायॉरिटीच्या टास्कमधे चालतो. तुम्ही नोंद भरत असताना मधेच त्यानं वाचलं तर टॉर्क नव्या पाऊचचा आणि एरर जुन्या पाऊचचा असं येऊ शकतं. म्हणून नोंद आधी आतल्या स्ट्रक्चरमधे पूर्ण भरायची, मग बाहेरच्या स्ट्रक्चरमधे कॉपी करायची आणि पाऊच नंबरचा काउंटर सगळ्यात शेवटी वाढवायचा. वाचणाऱ्यानं काउंटर, नोंद आणि परत काउंटर असं वाचायचं, दोन्ही काउंटर सारखे असतील तरच नोंद घ्यायची. शेवटच्या ५० नोंदींचा गोल बफर ठेवला तर आणखी बरं, नेटवर्क मिनिटभर गेलं तरी मागचं भरून काढता येतं, ४०च्या वेगानं ५० नोंदी म्हणजे सव्वा मिनिट.

याचा फायदा मला कसा झाला ते सांगतो. खरिपाच्या आधी एप्रिल-मेमधे बियाण्याचं पॅकिंग दिवसरात्र चालतं आणि तेव्हाच आपल्याकडं पारा ४२च्या वर. एका ठिकाणी दुपारी दोननंतर रोज पाऊचची लांबी कमी यायची, कधी ड्राइव्ह ट्रिप व्हायचा. सगळ्यांचं एकच म्हणणं, व्होल्टेज पडतंय, स्टॅबिलायझर बदला. आम्ही पाऊचनिहाय नोंद लावली आणि तीन दिवस बघितलं. डीसी बस दुपारी पण सरळ रेषेत. टॉर्क मात्र साडेबारापासून हळूहळू चढायचा आणि त्याच्या मागं मागं फॉलोइंग एरर. व्होल्टेज ठीक, टॉर्क जास्त, म्हणजे लोड वाढतोय, फिल्म जड जातेय. बघितलं तर फिल्मचे रोल पत्र्याच्या शेडखाली ठेवलेले, तापून मऊ झालेली फिल्म फॉर्मिंग कॉलरला चिकटत होती आणि त्या कॉलरवर बियाण्याच्या औषधाची पावडर बसलेली. रोल आतल्या थंड खोलीत हलवले, कॉलर दर शिफ्टला पुसायला लावली. स्टॅबिलायझरचे पैसे वाचले. तीनपैकी नुसता फॉलोइंग एरर बघितला असता तर मी पण व्होल्टेजच म्हणालो असतो.

ओपीसी यूए चालू करणं

जुनं ओपीसी १९९६ साली आलं, ते विंडोजच्या डीकॉमवर चालायचं आणि फायरवॉलमधून जाताना जीव नकोसा करायचं. ओपीसी यूए त्यातून बाहेर पडलं, आता तो आयईसी ६२५४१ आहे, विंडोजची गरज नाही आणि नेहमीचा पोर्ट एकच, ४८४०. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच पीएलसीत सर्व्हर आतच असतो, फक्त लायसन्स आणि तो चालू करायची टिकमार्क बघा. टॅग निवडताना सगळा प्रोग्राम उघडा करू नका. एक वेगळं स्ट्रक्चर बनवा, त्यात अवस्था, थांबण्याचं कारण, चांगले पाऊच, खराब पाऊच आणि वरची नोंद, बस्स. पीएलसीओपन, पॅकएमएल, मशीनरी यांच्यासाठी ओपीसी फाउंडेशननं तयार मॉडेल दिलेले आहेत, नवं मशीन विकत घेताना ऑर्डरमधेच लिहा की हे मॉडेल पाहिजेत, नंतर मागितलं तर वेगळे पैसे लागतात.

तपासायला यूएएक्सपर्ट नावाचा फुकट क्लायंट, म्हणजे सर्व्हरकडून वाचणारा प्रोग्राम, आहे, तो लॅपटॉपवर टाका. टॅगवर क्लिक केलं की किमतीसोबत स्टेटस आणि सोर्स टाइमस्टॅम्प दिसतो. स्टेटस गुड नसेल तर तो आकडा डेटाबेसमधे घेऊच नका, शून्य म्हणून तर अजिबात नाही. सबस्क्रिप्शन, म्हणजे आकडा बदलला की सर्व्हरनंच पाठवायची सोय, लावताना सॅम्पलिंग २५० मिलिसेकंद आणि पब्लिशिंग १ सेकंद ठेवलं, क्यू दहाची ठेवली, तर आपल्या मशीनला पुरेसं आहे.

सिक्युरिटी "नन", म्हणजे काहीच नाही, अशी ठेवून सोडू नका, साइन अँड एन्क्रिप्ट निवडा. इथं हमखास एक अडचण येते आणि पोरं दिवस घालवतात: सर्टिफिकेट, म्हणजे क्लायंटचं डिजिटल ओळखपत्र, रिजेक्ट होतं. दोन कारणं असतात. एक, क्लायंटचं सर्टिफिकेट पीएलसीच्या ट्रस्टेड यादीत हलवलेलं नसतं. दुसरं आपल्याकडं जास्त, लाइट जाऊन येते, पीएलसीची बॅटरी मेलेली असते, घड्याळ एकदम मागं कुठल्यातरी वर्षात जातं आणि त्या हिशेबानं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नसतं. बॅटरी बदला आणि घड्याळ जुळवणारा एनटीपी सर्व्हर लावा. घड्याळाचंच आणखी: ओपीसी यूएची वेळ यूटीसीमधे असते, आपली साडेपाच तास पुढं. साठवताना यूटीसीच ठेवा, दाखवताना बदला. आणि रात्रपाळी तारखेच्या दोन्ही बाजूला पडते, म्हणून रिपोर्टचा दिवस सकाळी ७ ते ७ असा धरा, नाहीतर तिसऱ्या शिफ्टचं प्रॉडक्शन रोज अर्धंच दिसेल आणि शिव्या त्या शिफ्टच्या लोकांना बसतील.

नेटवर्क आणि वरचा पसारा

इथरकॅटची केबल कधीही ऑफिसच्या स्विचमधे घालू नका, दिसायला ती साधी लॅनच असते. पीएलसीचे दोन पोर्ट वेगळे, एक ड्राइव्हकडं, एक वर. मशीन आणि ऑफिसच्या मधे एक छोटा एज पीसी, दोन लॅन कार्डवाला. त्याच्याकडून पीएलसीकडं फक्त ४८४० उघडा, वरच्या बाजूला फक्त ८८८३ (खाली येणाऱ्या एमक्यूटीटीचा एन्क्रिप्टेड पोर्ट), बाकी सगळं बंद. केबल शिल्डेड घ्या, सर्वोच्या पॉवर केबलपासून लांब न्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालणं हे पण नेटवर्कचंच काम समजा, कम्युनिकेशन मे महिन्यातच का तुटतं त्याचं उत्तर कितीदा तिथं सापडलंय.

एज पीसीवर नोड-रेड हा प्रोग्राम ओपीसी यूए वाचतो आणि एमक्यूटीटी या निरोप पाठवायच्या पद्धतीनं पुढं टाकतो. एमक्यूटीटी १९९९ मधे तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवायला बनवलं होतं, सॅटेलाइटच्या महागड्या आणि कमजोर लिंकवर चालेल असं, म्हणून आपल्या अधूनमधून जाणाऱ्या इंटरनेटवर पण ते तग धरतं. ब्रोकर (निरोप वाटणारा) मॉस्किटो, साठवायला इन्फ्लक्सडीबी, दाखवायला ग्राफाना, सुरुवात करायला यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. टॉपिकचं, म्हणजे निरोपाच्या पत्त्याचं, नाव ठरवून लिहा: प्लँट, लाइन, मशीन, काय. एज पीसीला एसडी कार्डवर चालवू नका, लाइट गेली की कार्ड खराब होतं, एसएसडी आणि छोटा यूपीएस द्या. नेट नसताना नोंदी डिस्कवर साचतील आणि आल्यावर जातील अशी सोय नक्की ठेवा.

जुन्या मशीनला ओपीसी यूए नसतं. बहुतेकांना मॉडबस ही जुनी, साधी पद्धत असते, ती १९७९ पासून आहे. लॅनवरचं मॉडबस टीसीपी असेल तर पोर्ट ५०२. दोनच गोष्टी छळतात: रजिस्टरचा नंबर एकानं मागंपुढं होतो, आणि ३२ बिटचा आकडा दोन रजिस्टरमधे उलटा येतो. माहीत असलेला एखादा आकडा, समजा पाऊच काउंटर, घेऊन जुळवून बघा म्हणजे कळतं. वाळूजच्या सीएनसीवाल्या शॉपसाठी एमटीकनेक्ट आणि उमाटी या तिथल्या अशाच पद्धती बघा, तो विषय वेगळा आहे.

वरून मशीनमधे लिहायचं असेल तर

पहिले सहा महिने लिहूच नका. नंतर रेसिपी पाठवायची वेळ आलीच, पाऊचची लांबी, वजन, तर सरळ मोशनच्या व्हेरिएबलमधे लिहायचं नाही. एक "मागणी" स्ट्रक्चर ठेवा, वरून तिथं लिहा. पीएलसी बघेल की आकडा मर्यादेत आहे का, मशीन आयडल आहे का, मामानं पॅनेलवर होकाराचं बटण दाबलंय का, तिन्ही असेल तरच आत घेईल. स्टार्टची कमांड नेटवर्कवरून कधीच नाही. मी एकदा बघितलंय, जॉमधे अडकलेली फिल्म काढायला हात आत होता आणि ऑफिसमधून कुणीतरी टेस्टिंग करत होतं. इमर्जन्सी चेनमुळं हात वाचला. इमर्जन्सी, गार्डचे स्विच, ड्राइव्हचा एसटीओ (मोटरचा जोर सुरक्षितपणे काढून घेणारा) हे सगळं वायरनं सेफ्टी रिलेवर किंवा सर्टिफाइड सेफ्टी पीएलसीवर, ओपीसी यूए आणि एमक्यूटीटीचा त्यांच्याशी संबंध नाही.

चालू झाल्यावर चार गोष्टी मुद्दाम बिघडवून बघा. मशीन चालू असताना वरची लॅन केबल काढा, सर्वोच्या सायकल टाइमला धक्का लागायला नको. एज पीसीचं इंटरनेट दहा मिनिटं बंद ठेवा, परत आल्यावर पाऊच नंबरमधे एकही खाडा नको. पीएलसी बंद-चालू करा, कनेक्शन कुणी हात न लावता परत आलं पाहिजे आणि बंद काळात डॅशबोर्डवर जुना आकडा हिरवा दिसत राहता कामा नये. शेवटी एका शिफ्टला तुमची वही आणि स्क्रीन शेजारी ठेवा, मामाला सोबत घ्या आणि प्रत्येक थांबणं मोजून जुळवा. जे कारण जुळत नाही त्याच्यापुढं खूण करा आणि दुसऱ्या दिवशी पीएलसीत जाऊन तेच आधी दुरुस्त करा.